आंबटगोड पोर्क चॉप्स: माडाचा गूळ, माडाचं व्हिनेगर आणि घरच्यांसाठी रात्रीचं जेवण

गोव्यात डुकराचं मांस म्हटलं की विंदालू, सोरपोतेल आणि चोरीस ही नावं आधी तोंडावर येतात. या पदार्थांत मांसाचे लहान तुकडे असतात, चरबी सढळ असते आणि व्हिनेगर-मसाल्यात ते निवांत मुरतात. चॉपची जात वेगळी. पाठीच्या हाडालगतचं हे मांस, कडेला चरबीची पट्टी आणि आत चरबी जवळजवळ नाहीच. विंदालूच्या सवयीने ते रात्रभर व्हिनेगरात ठेवलं आणि तासभर रटरटवलं, तर ताटात कोरडं, चिवट मांस येतं. बऱ्याच घरांत चॉप एकदाच होतो आणि पुन्हा होत नाही, त्याचं कारण हेच.

पण गोव्याच्या स्वयंपाकघरातली आंबटगोड चव चॉपला फार शोभते. ती फक्त योग्य वेळी लावायला हवी. मीठ आधी द्यायचं, आतपर्यंत मुरेल असं. गोड आणि आंबट शेवटी, बाहेरून, पाकाच्या रूपात. एवढा क्रम सांभाळला तर ओव्हनशिवाय, साध्या गॅसवर पाच माणसांचं उत्तम जेवण होतं.

मांस घेताना

म्हापसा, मडगाव, पणजीच्या बाजारात किंवा गावच्या दुकानात डुकराचं मांस मागितलं की विक्रेता बहुधा विंदालूचे तुकडे करायला घेतो. त्यामुळे सुरी चालायच्या आधीच सांगा: चॉप्स हवेत, हाडासकट, बोटाच्या एका पेराएवढे जाड. मापात सांगायचं तर अडीच ते तीन सेंटीमीटर. या पाककृतीत जाडीइतकं महत्त्वाचं दुसरं काहीच नाही. एक सेंटीमीटरचा चॉप बाहेरून लालसर होईपर्यंत आतून कोरडा होऊन जातो, मग त्यावर कितीही चांगला पाक ओता.

पाच जणांसाठी सहा चॉप्स घ्या, प्रत्येकी साधारण २२५ ते २५० ग्रॅम, म्हणजे एकूण दीड किलोच्या आत. सहावा लागतोच, घरात वाढत्या वयाचं मूल असेल तर नक्कीच.

मांस फिकट गुलाबी ते लालसर, चरबी पांढरी आणि घट्ट असावी. बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून यावा. मांसात कुठे साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर ते घेऊ नका. ती पट्टकृमीच्या अळीची लक्षणं असू शकतात.

स्थानिक चॉपला अनेकदा कातडी लागलेली असते. विंदालूत ती मऊ होते, पण तव्यावरच्या पंधरा मिनिटांत रबरासारखीच राहते. ती काढून घ्या आणि खालची चरबी मात्र सेंटीमीटरभर ठेवा. काढलेली कातडी टाकू नका, फ्रीजरमध्ये जपून ठेवली तर चोरीस घालून केलेल्या राजम्यात ती छान लागते. सुपरमार्केटमधलं पाकीटबंद, गोठवलेलं मांस घेत असाल तर आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, आणि पाकिटावर मीठपाणी घातल्याची नोंद आहे का ते वाचा. असेल तर खाली दिलेली मिठाच्या पाण्याची पायरी वगळा, नाहीतर मांस खारट होईल.

साहित्य

मिठाच्या पाण्यासाठी: दीड लिटर पाणी, ७५ ग्रॅम मीठ (सपाट चार मोठे चमचे), दोन तमालपत्रं, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या.

पाकासाठी: माडाचा गूळ १०० ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर, माडाचं व्हिनेगर ८० मिलिलिटर, बिया काढलेल्या सहा काश्मिरी मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, अर्धा चमचा जिरं, आठ-दहा मिरी, चार लवंगा, इंचभर दालचिनी, पाव चमचा हळद, चवीला मीठ.

बाकी: भरड मिरपूड, दोन चमचे तेल, अननसाच्या सहा चकत्या.

आता या यादीतल्या दोन गोष्टींबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण सगळी चव त्यांच्यावर उभी आहे.

माडाचा गूळ म्हणजे बाजारात निमुळत्या ढेपांमध्ये मिळणारा काळसर गूळ, ज्याचं दोदोल हे गोव्याचं गोड पक्वान्न होतं. उसाच्या गुळापेक्षा त्याची गोडी खोल असते, मागे किंचित खारट आणि धुरकट चव रेंगाळते, आणि डुकराच्या चरबीशी ती चव फार छान जुळते. साखर घातली तर पाक नुसता गोड होतो. मध घातला तर पाक चॉपच्या आधी जळतो. उसाचा गूळ चालेल, पण मग चिमूटभर मीठ आणि थोडी मिरपूड जास्त घाला. काळ्या गुळात कधी कधी बारीक कचरा किंवा रेती असते, म्हणून तो पाण्यात विरघळवून गाळूनच वापरायचा. ही पायरी कंटाळून सोडू नका, दाताखाली आलेला एक कण सगळं जेवण बिघडवतो.

व्हिनेगर माडाच्या ताडीचं हवं. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि १९६१ पर्यंत राहिले. व्हिनेगर आणि लसूण लावून मांस मुरवायची त्यांची रीत इथे रुजली, पण द्राक्षांच्या वाइनचं व्हिनेगर जाऊन त्या जागी माडाच्या ताडीचं आलं, आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची त्यात मिसळली. आज आपण ज्याला गोव्याची चव म्हणतो ती या भेटीतून झाली आहे. ताडीचं व्हिनेगर मवाळ असतं, आंबटपणासोबत हलका गोडसर वास देतं. बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं छापलेलं व्हिनेगर नाकात चढतं आणि जिभेवर फक्त तिखट आंबटपणा ठेवतं. दुसरं मिळतच नसेल तर ५० मिलिलिटर घ्या, त्यात ३० मिलिलिटर पाणी घाला आणि दोन आमसुलं भिजवून टाका. घरगुती व्हिनेगरची धार प्रत्येक बाटलीत वेगळी असते, त्यामुळे आधी थेंबभर चाखून मगच माप ठरवा.

मिरची काश्मिरी, कारण रंग हवा आणि मुलांनाही खाता यायला हवं. मोठ्यांसाठी जरा चढं हवं असेल तर काणकोणकडची खोला मिरची एक-दोन घाला. तिचा रंगही देखणा असतो.

मिठाचं पाणी

जेवण साडेआठला असेल तर सव्वापाचला चॉप्स मिठाच्या पाण्यात जायला हवेत, म्हणून पाणी त्याआधीच करून ठेवा. थोडं पाणी गरम करून त्यात मीठ विरघळवा, तमालपत्र आणि लसूण टाका, उरलेलं थंड पाणी ओता आणि सगळं पूर्ण गार होऊ द्या. पाणी कोमट असताना मांस कधीच घालू नका. चॉप्स त्यात बुडवून दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. चार तासांच्या वर नको.

या दोन तासांत मीठ मांसात शिरतं आणि तिथली प्रथिनं जरा सैल करतं, त्यामुळे शिजताना ती पाणी धरून ठेवतात. पाठीच्या मांसात चरबी नसल्यामुळे रसरशीतपणा मिळवायचा हाच खात्रीचा मार्ग आहे. व्हिनेगर हे काम करत नाही. ते फक्त पृष्ठभागावर चढतं, आणि फार वेळ राहिलं तर तो पृष्ठभाग पांढरट आणि भुसभुशीत करतं.

फ्रीजमध्ये भांडं मावत नसेल तर दुसरा मार्ग आहे. किलोला १० ग्रॅम मीठ या हिशेबाने चॉप्सना दोन्ही बाजूंनी चोळा आणि आदल्या रात्री ताटलीत झाकून फ्रीजमध्ये ठेवून द्या. मला स्वतःला हा मार्ग पावसाळ्यात जास्त आवडतो, कारण दुसऱ्या दिवशी मांस वरून कोरडं मिळतं आणि तव्यावर पटकन रंग धरतं.

पाक

मांस मुरत असताना मिरच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. मग लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद आणि मिरच्या व्हिनेगरात अगदी गंधासारख्या वाटा. पाट्यावर वाटलं तर उत्तम, मिक्सर असेल तर दोनदा फिरवा. जाडसर राहिलेला मसाला पाकात तळाशी बसतो आणि तिथेच करपतो.

लहान स्टीलच्या पातेल्यात गूळ पाण्यात वितळवून गाळून घ्या. दुसरीकडे चमचाभर तेलात वाटलेला मसाला मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परता, कडेने तेल सुटेपर्यंत. कच्च्या लसणाचा वास गेला पाहिजे. मग गुळाचं पाणी आणि पाव चमचा मीठ घाला आणि उकळू द्या.

कधी थांबायचं हे रंगावरून कळणार नाही, कारण काळा गूळ सुरुवातीपासूनच काळा असतो. बुडबुड्यांकडे बघा. आधी ते बारीक आणि घाईचे असतात, पाक आटत आला की मोठे आणि सुस्त होतात. एकतारीच्या बराच अलीकडे, चमच्याच्या पाठीवर थर धरून बोटाने रेघ ओढली तर ती तशीच राहते, तिथे गॅस बंद करा. पाऊण वाटीच्या आसपास पाक उरेल. तव्यावर तो आणखी आटणार आहे, त्यामुळे इथे थोडा पातळच हवा.

कोमट झाल्यावर चाखा. नुसता खाताना तो जरा जास्तच तीव्र लागायला हवा, कारण मांसावर त्याचा फक्त पातळ थर बसणार आहे. आधी गोड, लगेच आंबट, मग लसूण आणि शेवटी मिरची, असा क्रम जिभेला कळला तर पाक जमला. गोड जड वाटलं तर चमचाभर व्हिनेगर, आंबट टोचलं तर गुळाचा खडा. मार्च ते मे काजूचा हंगाम असतो. तेव्हा ताजा नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, हाताशी असेल तर पाकात पाण्याऐवजी तो घालून बघा, त्याचा तुरटपणा गुळाला फार सुंदर आवरतो.

तव्यावर

सव्वासातला चॉप्स पाण्यातून काढा, नळाखाली धुऊ नका, स्वच्छ फडक्याने किंवा कागदी रुमालाने अगदी कोरडे करा. गोव्याच्या दमट हवेत हे काम दोनदा करावं लागतं, एकदा लगेच आणि एकदा तव्यावर टाकण्याआधी. ओलं मांस आधी वाफाळतं, त्यावर रंग येत नाही, आणि रंग आला नाही तर अर्धी चव गेली.

कडेच्या चरबीला दोन-दोन सेंटीमीटरवर सुरीने चिरा द्या, मांसापर्यंत जेमतेम पोहोचतील एवढ्याच. चरबी आक्रसून चॉप वाटीसारखा वळतो, तो या चिरांमुळे सपाट राहतो. वरून फक्त मिरपूड लावा. वाटलेला मसाला किंवा पाक आत्ता लावायचा मोह होईल, कारण मासळीला रेशाद, म्हणजे तिखट-आंबट लाल मसाला, भरून आपण तशीच तळतो. मासळी काही मिनिटांत होते, जाड चॉपला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्यात लसूण कडू होते आणि गूळ कोळसा होतो.

बिडाचा तवा किंवा जाड बुडाचं स्टीलचं पॅन चांगलं तापवा आणि चमचाभर तेल घाला. एका वेळी तीनच चॉप्स. चिमट्याने धरून आधी चरबीची कड तव्याला लावा आणि दोन-तीन मिनिटं तसेच उभे धरा. चरबी वितळून तव्यात उतरते, आणि पुढचं सगळं त्याच चरबीत भाजायचं. मग आडवे टाका. मध्यमहून जरा मोठ्या आचेवर एक बाजू तीन मिनिटं, न हलवता. उलटा, दुसरी बाजू तीन मिनिटं. या वेळी आतून ते कच्चेच असतात, ते ठीक आहे. खोलगट ताटात काढा, दुसरे तीन तसेच करा.

त्याच चरबीत अननसाच्या चकत्या दोन्ही बाजूंनी सोनेरी करून बाजूला ठेवा. अननस इथे शिजवूनच वापरायचा. कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्याच्या रसात मांस मुरवलं तर ते वरून लगद्यासारखं होतं. आचेवर त्या विकराचं काम थांबतं.

आता भांडं बदला. पाक आंबट आहे, बिडाच्या तव्याचा वर्षानुवर्षं जमलेला तेलाचा थर तो खरवडून काढतो आणि पदार्थाला लोखंडी चव येते. रुंद स्टीलची लंगडी घ्या, ज्यात सहाही चॉप्स एका थरात मावतील. मोठं भांडं नसेल तर दोन घ्या. तव्यावर अर्धी वाटी पाणी ओतून चिकटलेला लालसर अंश लाकडी उलथन्याने सोडवा आणि तेही लंगडीत घाला. तो अंश टाकून देणं म्हणजे सगळ्यात चांगली चव मोरीत ओतणं. ताटात चॉप्सचा सुटलेला रसही त्यात जाऊ द्या, आणि मग पाक.

उकळी आली की चॉप्स मांडा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर चार ते सहा मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटून. मग झाकण काढा, आच वाढवा आणि चमच्याने पाक वरून ओतत राहा. इथे दोन-तीन मिनिटं भांड्यापासून हलू नका. पाक चकाकी धरू लागला, बुडबुडे मोठे झाले आणि चॉप उचलल्यावर पाक ओघळायच्या ऐवजी चिकटून राहिला की गॅस बंद.

शिजलं हे कसं ओळखायचं

मांसात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो आणि या एका पदार्थासाठीही तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं. हाडाला न टेकवता मधोमध टोक घाला.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठीचं किमान तापमान ७१ अंश सेल्सियसवरून ६३ वर आणलं, वर तीन मिनिटं मांस विसावू द्यायचं. तो नियम तिथल्या मांसासाठी केलेला आहे. जनावर कुठे आणि काय खाऊन वाढलं हे माहीत नसताना मी ७१ च धरते. ६८ ला गॅस बंद केला तर पाच मिनिटांच्या विसाव्यात आतली उष्णता आपोआप दोन-तीन अंश वर नेते. तरीही ७१ झालं का ते एकदा तपासून घ्या, आणि कमी भरलं तर झाकण ठेवून आणखी मिनिटभर. मिठाच्या पाण्यात मुरलेला चॉप एवढ्यावरही रसदार राहतो, म्हणूनच ते दोन तास महत्त्वाचे.

थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड चॉपला हाडाजवळ छोटी चीर द्या. हाडालगतचं मांस सर्वांत शेवटी शिजतं. तिथे कच्चटपणा नसावा, रस स्वच्छ यावा. नुसत्या वरच्या रंगावर विश्वास ठेवू नका.

बाजारात पातळच चॉप्स मिळाले असतील तर झाकणाची पायरी गाळा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं भाजा, आधीच घट्ट आटवलेला पाक घालून मिनिटभर उलटसुलट करा, तपासा आणि वाढा.

ताटात काय, आणि कोणासाठी काय

चॉप्स पाच मिनिटं विसावू द्या. तेवढ्यात कांदा उभा चिरून त्यावर चिमूटभर मीठ आणि चमचाभर व्हिनेगर टाका. संध्याकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेली पोई, म्हणजे गोव्याचा कोंडायुक्त पाव, तव्यावर जरा गरम करा, पाक पुसून खायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. भात हवा असणाऱ्यांसाठी उकडा तांदूळ आणि सोलकढी. सोबत ओलं खोबरं घातलेली तांबडी भाजी असावी. ताटात इतकं गोड आणि स्निग्ध असताना तिचा साधेपणा हवासा वाटतो. बटाट्याचे तळलेले काप मुलं मागतील, पण ते ताट फार जड करतात. मी ते टाळते.

आपल्याकडे मराठी घरांत सगळेच डुकराचं मांस खातात असं नाही. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा श्रावण, कुणी मुळातच खात नाही. त्यांना नुसत्या भाजीवर बसवू नका. पाक तयार झाल्यावर, मांसाच्या जवळही न्यायच्या आधी, त्यातला तिसरा हिस्सा वेगळा काढून ठेवा. त्यासाठी गूळ, व्हिनेगर आणि मसाला दीडपट घ्यावा लागेल. नीरफणसाच्या बोटभर जाड कापांना मीठ आणि हळद लावून वेगळ्या तव्यावर तेलात खरपूस भाजा आणि शेवटी हा पाक वरून घाला. नीरफणस नसेल तर सुरण आधी आमसुलाच्या पाण्यात उकडून तसाच करा. ज्यांचा सोवळ्याचा आग्रह आहे त्यांच्यासाठी तवा, चमचा आणि चिमटा वेगळा ठेवा. पाळणाऱ्याचा मान राखला की जेवण सगळ्यांचंच होतं. कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी तर कोणत्याही घरात वेगळीच हवी, आणि काम झाल्या झाल्या साबणाच्या गरम पाण्याने धुवायची.

लहान मुलांच्या ताटात चॉप हाडापासून सोडवून, आडव्या धाग्यावर पातळ कापून द्या. हाड मोठ्यांनी हातात घेऊन खायचं, सर्वांत गोड मांस तिथेच असतं.

उरलेले चॉप्स दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवेत, आणि दोन-तीन दिवसांत संपवायला. पुन्हा अख्खे गरम केले तर ते कोरडे होतात. हाडापासून काढून पातळ काप करा, दोन चमचे पाणी आणि उरलेला पाक घालून झाकणाखाली वाफ येईपर्यंत गरम करा आणि व्हिनेगरमधल्या कांद्यासोबत पोईत भरा. मांसाला न लागलेला पाक बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवला तर आठवडाभर चांगला राहतो. भाजलेल्या कोळंबीवरही तो घालून बघा.